ओंजळ

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी, दिंडोरीच्या घरी, आंघोळ घालताना शाळिग्राम माझ्या हातून निसटला. ताम्हनाच्या काठावर आपटून फरशीवर पडला आणि सुपारी फुटावी तसा दुभंगला. आत वेटोळं, त्यावर बारीक कंगोरे. ज्या भोकाला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गंध लावत आलो, त्याच्या आड हे मिटून बसलं होतं.

"भंगला तरी शाळिग्राम पूजेला चालतो," आई म्हणाली. मला आजी आठवली. पहाटे पाणी भरायची, तुळस खुडायची, गंध उगाळायची. शाळिग्रामाला मात्र बायकांनी शिवायचं नाही. आजोबा सोवळ्यात पूजा करत आणि ती तीर्थासाठी ओंजळ धरून उंबऱ्याबाहेर उभी. त्या उंबऱ्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

दगड नेपाळातल्या काळी गंडकीचा. वज्रकीटाने तो कोरला, अशी कथा. प्लिनी या रोमन लेखकाला अशा वेटोळ्यांत इजिप्तच्या आमोन देवाची मेंढ्याची शिंगं दिसली. अमोनाइट हे नाव त्यावरून आलं. प्राणी माकुळाच्या गोतातला, जुरासिक काळातल्या टेथिस समुद्रातला. त्या समुद्राचा तळ पुढे हिमालयात उचलला गेला.

6.6 कोटी वर्षांपूर्वी अमोनाइट संपले. त्याच सुमारास दख्खनवर लाव्हा वाहत होता. आमच्या जोत्याचा काळा दगड, द्राक्षबागांची काळी माती, सगळं त्यातलंच.

दूरचा भाऊबंद नॉटिलस मात्र तगला. अजून खोल समुद्रात आहे. त्याचं अंडं फुटायलाच वर्षभर लागतं. वाढेल तशी पुढे नवी, मोठी खोली बांधतो, मागची पडदा घालून बंद करतो आणि राहतो शेवटच्याच खोलीत. बंद खोल्यांतून एक नळी जाते. तिच्यातून आतलं पाणी काढून घेऊन तो स्वतःला तोलून धरतो.

आजीच्या खोल्या उलट लहान होत गेल्या. माजघर सुटलं, पडवीत खाट आली. आजोबा गेल्यावर मी म्हटलं, "आजी, आता कोण अडवणार? घे हातात." तिने पदराला हात पुसले, शाळिग्रामापाशी नेले आणि तुळशीचं पान तेवढं वरून सोडलं.

"राहू दे गं," म्हणाली. "हातांना सवय नाही."

संध्याकाळी दोन्ही तुकडे वृंदावनात ठेवण्याआधी मी आतल्या कंगोऱ्यांवरून बोट फिरवलं. गार होते. तिथे आजोबांचंही बोट कधी पोचलं नव्हतं.