उजवा हात आणि छोटा चमचा

ईदच्या दिवशी आमच्या धाकटीने पहिल्यांदा स्वतः चमच्याने शिरखुर्मा खाल्ला आणि त्याच दिवशी चमचा टाकूनही दिला. दीड वर्षाची होती तेव्हा.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू केले, तेव्हा मीच भरवत असे. नवव्या-दहाव्या महिन्यात ती अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत भाताचे शीत उचलू लागली. दस्तरखानावर सांडायचे जास्त, पोटात जायचे कमी. वर्षाची झाल्यावर माझ्या हातातला चमचा ओढू लागली, म्हणून एक तिला दिला, एक माझ्याकडे ठेवला. वरण काही चमच्यात राहत नसे. तोंडाशी येईपर्यंत मनगट वळायचे आणि चमचा उपडा व्हायचा. मग घट्ट दही, मऊ खिचडी, नाचणीची खीर, असे चमच्याला चिकटून राहणारे देऊ लागले. घरातले लांब दांड्याचे चमचेही बाजूला ठेवले. आखूड, जाड दांड्याचा तिच्या मुठीत नीट बसला.

ईदला तिच्या वाटीतला सुकामेवा अगदी बारीक वाटला होता. अख्खा बदाम एवढ्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. तिने चमचा उचलला तो डाव्या हातात. दोन घास नीट तोंडात गेले. तिसऱ्याला पाहुण्यांपैकी एका बुजुर्ग बाईंनी चमचा काढून उजव्या हातात दिला आणि डाव्या हातावर चापट मारली. जोरात नव्हती, पण पोरीने चमचा फेकला. पुढचे चार दिवस वाटी दिसली की ती डावा हात फ्रॉकखाली लपवायची.

त्या बाईंचा मला राग आला, हे खरे. पण त्यांचे म्हणणे चुकीचे होते, असे मी कसे म्हणू? उजव्या हाताने खाणे ही आपल्या घरातली पहिली तालीम. प्यारे नबी (स.) यांच्या देखरेखीत वाढणाऱ्या उमर बिन अबी सलमा या मुलाचा हात जेवताना ताटात सगळीकडे फिरत होता. बिस्मिल्लाह म्हण, उजव्या हाताने खा आणि आपल्या समोरचे खा, असे नबींनी त्याला सांगितले. पुढे तो कायम तसाच जेवत राहिला. माझ्या मनात राहिले ते एवढेच, की त्याला सांगितले गेले. शिवाय तो ऐकून समजण्याएवढा होता. आमची तर अजून ‘पानी’ला ‘मामी’ म्हणते.

बालरोगतज्ज्ञांना विचारले. ते म्हणाले, या वयात मुले हात बदलत राहतात, कोणता हात पुढे राहील हे बऱ्याचदा दोन-तीन वर्षांनंतरच स्पष्ट होते. वर्षाच्या आतले मूल मात्र एकच हात वापरत असेल आणि दुसरा हलवतच नसेल, तर लगेच दाखवायला हवे. आमच्याकडे तसे काही नव्हते.

घरी येऊन हे अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितले. त्या कडक आहेत. वाटले, आता वाद होणार. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “इसके बाप को मैं बहोत मारी थी इस बात पे.”

लग्नाला सात वर्षे झाली, मला हे ठाऊक नव्हते. आमचे हे जेवतात, लिहितात उजव्या हाताने. पण खिळा ठोकायचा असला की हातोडी डाव्या हातात जाते. मी कधी विचारलेच नव्हते.

त्या दिवसापासून तिला जेवू घालायचे काम अम्मींनी घेतले. मांडी घालून समोर बसतात, मोठ्याने बिस्मिल्लाह म्हणतात, आपला घास उजव्या हाताने घेतात आणि वाटीतल्या चमच्याचा दांडा तिच्या उजव्या हाताकडे फिरवून ठेवतात. तोंडाने काही बोलत नाहीत. पहिले काही दिवस तिने चमच्याला हातच लावला नाही, भात बोटांनी खाल्ला. अम्मींनी तोही खाऊ दिला.

आता ती दोन वर्षांची होत आली. भात बहुतेक उजव्या हाताने खाते, चमचा कधी इकडे, कधी तिकडे. काल दह्याचे चार चमचे उजव्या हाताने खाल्ले आणि पाचव्याला हात बदलला. अम्मी खिडकीबाहेर बघत होत्या.