राखीव जागा कोणाची? अधिसभेतला 'आपला माणूस' आणि आपण

विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक जवळ आली की आमच्या फोनवर 'जय भीम' वाढतात. एरवी वर्षभर न दिसणारे प्राध्यापक 'आपला माणूस उभा आहे, लक्ष असू द्या' असे आवर्जून कळवतात. अध्यापक मतदारसंघात आम्हाला मत नाही. ते पूर्णवेळ, मान्यताप्राप्त अध्यापकांनाच असते. पण वस्तीतल्या आणि वसतिगृहातल्या मुलांबरोबर काम करत असल्याने चार प्राध्यापक आमचा शब्द ऐकतात, एवढेच. म्हणून 'आपला माणूस' म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न एकदा जाहीरपणे मांडावासा वाटतो.

अधिसभा म्हणजे वर्षातून दोनदा भरणारी चहापाण्याची बैठक, असा आपल्या अनेक तरुणांचा समज आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 वाचला तर तो टिकत नाही. विद्यापीठाचा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल आणि लेखे या सभेपुढे येतात. नवी महाविद्यालये कुठे निघावीत हे ठरवणारा बृहत् आराखडा तिच्यापुढे येतो. व्यवस्थापन परिषदेवर जाणारे अध्यापकही या सभेच्या सदस्यांतून निवडले जातात.

शिष्यवृत्तीचे पैसे शासनाकडून आले नाहीत म्हणून महाविद्यालयाने गुणपत्रिका अडवून धरलेली मुले आमच्याकडे दरवर्षी येतात. अशाच एका मुलीसाठी आम्ही एका विद्यापीठात सहा खेटे घातले. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळाले, 'वरून परिपत्रक नाही.' या 'वर'ला जाहीरपणे जाब विचारण्याची जी जागा कायद्याने दिली आहे, ती अधिसभा. तिथे आपल्या नावाने बसलेला सदस्य पाच वर्षे गप्प राहिला, तर त्याची किंमत अशा मुली मोजतात.

बाबासाहेबांना या सभेचे महत्त्व फार आधी कळले होते. ते स्वतः अध्यापक होते. 1918 ते 1920 सिडनहॅम महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात त्यांनी शिकवले. 1935 मध्ये ते विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ सुधारणा विधेयकावर बोलताना त्यांनी सिनेटमधल्या मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न लावून धरला. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. तळ्याचे पाणी आणि विद्यापीठाची सभा या दोन्ही लढाया त्यांनी एकाच वर्षात लढल्या, हे आपल्या अभ्यासवर्गांत क्वचितच सांगितले जाते.

आज कायद्याने महाविद्यालयीन अध्यापकांच्या 10 जागा आहेत. त्यांतल्या पाच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक अशा राखीव, तर पाच खुल्या. म्हणजे प्रतिनिधित्व मिळाले, असे वाटते. आता मोजणी पाहा.

ही निवडणूक पसंतीक्रमाने होते. मतदार उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहितो आणि जिंकण्यासाठी ठरावीक मतांचा कोटा गाठावा लागतो. एकूण वैध मतांना, जागांच्या संख्येत एक मिळवून भागायचे आणि उत्तरात एक मिळवायचा, हा कोटा. समजा 1200 वैध मते पडली. खुल्या पाच जागांसाठी 1200 भागिले 6, अधिक 1, म्हणजे 201. अनुसूचित जातीच्या एकाच जागेसाठी 1200 भागिले 2, अधिक 1, म्हणजे 601. शिवाय या जागेसाठी मतदान करतात सगळे अध्यापक, केवळ अनुसूचित जातीचे नव्हे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. विचाराने एकत्र असलेले 201 अध्यापक खुल्या गटातून स्वतःचा माणूस निवडून आणू शकतात. पण 'आपल्यासाठी' राखून ठेवलेल्या जागेवर निवडून यायला निम्म्याहून अधिक सभागृहाची मर्जी लागते. ती मर्जी पॅनेल मिळवून देते आणि पॅनेल कोण बांधते हे प्राध्यापकांना सांगायला नको. राखीव जागेचा उमेदवार अनेकदा पॅनेल पूर्ण करण्यासाठी शोधला जातो. तो संस्थाचालकांना अडचणीचे प्रश्न विचारणार नाही, याची खात्री आधीच करून घेतलेली असते. जात आपली असते, उत्तरदायित्व दुसरीकडे असते.

हा पेच नवा नाही. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात 148 राखीव जागा आल्या. जागा वाढल्या, पण त्या जागांवर कोण बसणार हे ठरवण्याची शक्ती बहुसंख्याकांच्या हाती गेली. बाबासाहेबांची तक्रार नेमकी हीच होती. करारात एक तरतूद मात्र होती. आधी प्राथमिक निवडणूक घ्यायची, तिच्यात फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून एकाला सर्वांनी मत द्यायचे. 1946 मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे अनेक उमेदवार प्राथमिक फेरीत पुढे होते आणि अंतिम फेरीत सर्वसाधारण मतांवर पडले. समाजाने कोणाला निवडले आणि व्यवस्थेने कोणाला स्वीकारले, यातले अंतर तिथे उघडे पडले.

काही मित्र विचारतात, नाहीतरी आपला एखादा माणूस आत असलेला बरा नाही का? आम्ही त्यांना हैदराबादची आठवण करून देतो. 2015 मध्ये रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहातून काढण्याचा निर्णय केंद्रीय विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेच्या उपसमितीतून आला. 17 जानेवारी 2016 रोजी रोहित गेला. त्यानंतर या निर्णयात दलित प्राध्यापकाचा सहभाग होता, असे केंद्र सरकारकडून सांगण्यात आले. आपल्या माणसाचा ढालीसारखा वापर करतात तो असा. तिथल्या अनुसूचित जाती-जमातींच्या अध्यापकांनी मात्र निवेदन काढून हा दावा खोडला आणि अनेकांनी प्रशासकीय पदांचे राजीनामे दिले. त्यांनी पद सोडले, मुले सोडली नाहीत. आम्ही 'आपला माणूस' म्हणतो तो अशांना.

मग करायचे काय? बहिष्कार हा उपाय नाही. मिळालेली जागा रिकामी सोडणे बाबासाहेबांनी शिकवलेले नाही. आमचे म्हणणे तीन कलमी आहे.

पहिले, आपली प्राथमिक फेरी आपणच घ्यावी. कायद्यात ती नसली तरी विहारात किंवा समाजमंदिरात ती घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. अर्ज भरण्याच्या आधी आंबेडकरवादी अध्यापक, संशोधक विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांनी बसून नावे ठरवावीत. पॅनेलने नाव द्यायचे आणि आपण होकार द्यायचा, हा क्रम उलटा झाला पाहिजे.

दुसरे, सक्षम उमेदवार खुल्या गटातही उभा करावा. खुली जागा म्हणजे सवर्णांची जागा, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. 201 चा हिशेब वर दिलाच आहे. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, मुस्लिम आणि पुरोगामी अध्यापकांनी पहिल्या पसंतीची मते एकवटली, तर हा आकडा आवाक्याबाहेरचा नाही.

तिसरे, उमेदवाराकडून लेखी उत्तरे घ्यावीत. शिष्यवृत्तीसाठी गुणपत्रिका अडवणाऱ्या महाविद्यालयांवर काय कारवाई मागणार? राखीव अध्यापक पदांचा अनुशेष सभागृहात विचारणार का? पीएच.डी.चे मार्गदर्शक मिळत नसलेल्या मुलांचे काय? आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांचे काय? नेट, सेट, पीएच.डी. होऊनही आपली कितीतरी मुले-मुली तासांच्या हिशेबाने शिकवतात. अधिसभेच्या मतदारयादीत त्यांचे नाव नसते. ज्यांना मत नाही त्यांचा प्रश्न जो विचारेल, त्यालाच मत मागायचा अधिकार आहे.

निवडून आल्यावर प्रत्येक सभेनंतर त्या सदस्याने समाजापुढे येऊन सांगावे, कोणता प्रश्न विचारला आणि काय उत्तर मिळाले. यायला वेळ नसेल तर पुढच्या वेळी आपल्यालाही वेळ नसेल.

14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, त्यासाठी आपल्या माणसांनी 16 वर्षे लढा दिला, घरे जाळून घेतली, प्राण दिले. नाव कमानीवर आले. त्या कमानीच्या आत निर्णय कोण घेते, ही त्यापुढची लढाई आहे आणि ती मतपत्रिकेवर लढायची आहे. तेव्हा पुढच्या वेळी फोन आला, तर जय भीमला जय भीम जरूर म्हणा. मग विचारा, 'सर, तुमचे नाव कोणी ठरवले?'

जय भीम!