पिंगळा

लहानपणीं आमच्या जळगांवच्या घरामागें चिंचेचें एक जुनें झाड होतें. त्याच्या ढोलींत पिंगळ्यांचें जोडपें राही. तिन्हीसांजेस त्यांचा चिरका कलकलाट सुरू झाला कीं आजी म्हणे, "अरे, मार त्या मेल्याला धोंडा! अभद्र बोलतोय." वडीलधाऱ्यांच्या आज्ञा पाळण्यांत मी फारसा तत्पर नव्हतों; पण ही आज्ञा मीं कधीं मोडली नाहीं. एके दिवशीं नेम लागला. पांखरूं खालीं पडलें, आणि त्याचे पिवळे, वाटोळे डोळे माझ्याकडे पाहतच राहिले.

ते डोळे मला गेल्या चैत्रांत यावलच्या अभयारण्यांत पुन्हां भेटले. १९६९ सालीं राखलेलें हें सातपुड्यांतलें सुमारें १७७ चौरस किलोमीटरांचें रान. कोंकणांतले आमचे पाहुणे त्याला रान म्हणावयासही तयार नसतात! साग आणि सालई निष्पर्ण उभे. अंजनाला तेवढी तांबूस पालवी, आणि मोहाखालीं फुलांचा सडा. सकाळचे नऊ वाजले असतील. घुबडाच्या कुळांतला तो पक्षी लख्ख उजेडांत सागाच्या उघड्या शेंड्यावर बसून शेपूट डावी-उजवीकडे हलवीत होता. आमच्या चिंचेवरच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असे. याचें डोकें जवळजवळ कोरें. हा वन-पिंगळा.

ज्या ह्यूमसाहेबांचें नांव आपण राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशीं जोडतों, त्यांनींच १८७३ सालीं याचें शास्त्रीय वर्णन केलें. १८८४ नंतर मात्र त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळेना. तो नामशेष झाला असावा, असें पंडित म्हणूं लागले. अखेर १९९७ च्या नोव्हेंबरांत पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट या अभ्यासकांना तो जिवंत आढळला, तो शहाद्याजवळ, तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांत. एकशें तेरा वर्षें जग ज्याला हरवला म्हणत होतें, तो आम्ही ज्याची लाज बाळगली त्याच उघड्याबोडक्या सागवानांत संसार करीत होता. जुन्या झाडांच्या ढोली हेंच त्याचें घर. झाड गेलें कीं घर गेलें.

माझा धोंडा लागला तो साधा पिंगळा होता, हें मला ठाऊक आहे. पण धोंडा उचलतांना तो कोण आहे, हें मीं कोठें पाहिलें होतें?

इतक्यांत तो झपकन् खालीं आला आणि सरडा घेऊन फांदीवर परतला. वनरक्षकानें हळूच विचारलें, "दिसला का, भाऊ?"

मीं मान हलविली. चिंचेची गोष्ट त्याला सांगण्याचें धैर्य मात्र मला झालें नाहीं.