पडद्यापलीकडचे २७ मेगाहर्ट्झ

हजीऱ्यात कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र बिघडलं की आधी संशय पोलादाच्या भट्ट्यांवर, नाहीतर वेल्डिंगवर. तापीच्या मुखाशी एवढे अवाढव्य कारखाने दाटीने उभे असल्यावर ते साहजिकच. तिथल्या एका कामगार दवाखान्यात मान ताणायचं ट्रॅक्शन मशीन आपोआप किलो वाढवू लागलं, तेव्हाही ‘लाइन खराब आहे’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. मशीन बनवणारी कंपनी लहानशी, सुरतेतलीच. तिची बोर्डाची कामं मी करतो, म्हणून उधन्याहून मला धाडलं.

टेबलावरचा वेल्डर अमळनेरकडचा निघाला. ताप्ती लाइनीवरची आमची खानदेशी माणसं सुरतभर पसरलीत, त्यामुळे नवल नव्हतं. “भाऊ, सहा किलो लावले होते, आता आठ दिसतात,” तो म्हणाला. हातातलं लाल बटण त्याने घट्ट धरलं होतं. ते साधं स्प्रिंगचं. दाबलं की दोर सैल.

काही न उघडता मी नुसता बघत बसलो. पडद्यापलीकडच्या खाटेवर शॉर्टवेव्ह डायथर्मी सुरू झाली की इकडचे आकडे नाचायचे, बंद झाली की गप्प. फिजिओथेरपिस्ट बेननी कपाटातून निऑनची छोटी नळी काढून दिली. डायथर्मी खरंच चालतेय का, हे त्या तिच्यावर बघतात. केबलींजवळ नेताच नळी कशालाही न जोडता नारिंगी पेटायची. ट्रॅक्शनच्या टेबलापाशी मात्र विझलेलीच. अर्थात निऑन पेटायला बराच जोर लागतो; टच बटण फसायला त्याचा अंशही पुरतो.

मशीनवरचं किलोचं टच बटण म्हणजे काचेमागचा तांब्याचा पॅड. बोट आलं की त्याच्या धारितेत जेमतेम एखाद्या पिकोफॅरडची भर पडते, आणि तेवढ्यावरून चिप ‘दाबलं’ असं ठरवते. डायथर्मी चालते २७.१२ मेगाहर्ट्झवर, लहर साधारण ११ मीटरची. तिचा चौथा हिस्सा पावणेतीन मीटर, आणि मशीनची मेन कॉर्डही जवळपास तेवढीच. आयता अँटेना! त्यात डायथर्मीची खाट नियमाप्रमाणे लाकडी, पण शेजारचं ट्रॅक्शनचं टेबल अख्खं लोखंडी. आत शिरलेला करंट चिपच्या संरक्षक डायोडांमध्ये रेक्टिफाय होतो आणि मोजणीचा पायाच सरकतो.

कंपनीच्या मॅनेजरांचा सल्ला होता, सेन्सिटिव्हिटी कमी करा. हा उपाय मला कधीच पटलेला नाही. त्याने नॉइज आत यायचा थांबत नाही, ग्लोव्ह घातलेलं बोट मात्र ओळखू येईनासं होतं. मी कॉर्डचे फेराइट कोअरमधून तीन वेढे घेतले. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे एका वेढ्याच्या नऊपट. चिपच्या पिनांलगतचे ५६० ओमचे रेझिस्टर काढून २.२ किलोओमचे लावले. पिनेच्या धारितेशी मिळून त्यांचा फिल्टर होतो. तेच लांब पॅडपाशी लावले, तर मधली ट्रेस पुन्हा नॉइज गोळा करते. प्रोग्रॅममध्ये तीन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर मोजून मधला आकडा घेतला. सगळी बटणं एकदम दाबल्यासारखी दिसली तर एकही मानायचं नाही, आणि तेवढा वेळ बेसलाइन गोठवायची. नाहीतर ती नॉइजच्या मागे जाते आणि डायथर्मी थांबल्यावर बटण बहिरं होतं.

मॅनेजरांनी टेस्ट रिपोर्ट पुढे केला. आयईसी ६०६०१-१-२ प्रमाणे मशीन पास. २७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्या चाचणीत ६ व्होल्टला आहेच. पण शॉर्टवेव्ह चालते त्या खोल्या या मानकाने ‘विशेष’ परिसर म्हणून वेगळ्या काढल्यात, आणि रिपोर्ट होता साध्या रुग्णालयाचा.

आकडे थांबले. तरी मी हटून बसलो, की किलोची दोन बटणं टच नकोतच. मेम्ब्रेनची, कट्‌कन वाजणारी द्या. मॅनेजर म्हणाले, “साहेब, टच नसलं तर डॉक्टर मशीनकडे बघतही नाहीत. शिवाय जेल पुसायला काच बरी.” जेलचं त्यांचं खरं होतं. शेवटी टायमर टचवर राहिला, किलो मेम्ब्रेनवर गेले. डायथर्मीची खाट बेननी तोवर समोरच्या भिंतीला लावूनही टाकली होती.