आधी आपली बाटली

शाळेमागच्या विहिरीजवळ पूर्वी जुन्या बॅटऱ्या वितळवत. पाण्यात शिसं तर उतरलं नसेल? आम्ही सरबताच्या धुतलेल्या बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेलं. त्यांनी ते परत केलं. आम्ही नाराज झालो.

मग तिथल्या बाईंनी समजावलं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. एवढंसं मोजताना बाटलीची घाणही निकाल बिघडवते. म्हणून बाटली नायट्रिक आम्लाने धुतात. नमुन्यातही थोडं आम्ल घालतात; नाहीतर शिसं बाटलीच्या आतून चिकटतं आणि पाणी निर्दोष ठरतं. मग ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडलेल्या पद्धतीने, शिशाच्या अणूंनी किती प्रकाश शोषला ते मोजतात.

सोबत शुद्ध पाण्याची बाटलीही तशीच हाताळून तपासतात. तिच्यात शिसं निघालं, तर तो दोष विहिरीचा नाही, आपला.

दुसऱ्याचे ऐब पाहण्याआधी स्वतःचा हिशेब घ्या, असं आम्ही मुलांना रोज सांगतो. यावेळी धडा आम्हालाच मिळाला.

आता दोन्ही बाटल्या नीट पोचवल्या आहेत. निकाल येईपर्यंत मुलं विहिरीवर वुजू करतात. पिण्याचं पाणी मात्र घरून आणतात.