वीस डिग्रीला मोजायचं

आमच्या घरी फॉर्म्युला वनची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रविवार. जगभरातल्या रेसेस रविवारी, आणि भोसरी एमआयडीसीतली सुट्टी गुरुवारी. त्यामुळे पप्पा फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला सुटणार, घरी येऊन अंघोळ, चहा, आणि मग संध्याकाळी युरोपातली रेस, हे वेळापत्रक २०११ पासूनचं. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली. मी तेरा वर्षांचा होतो. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली, त्यामुळे पप्पांना रजा मागायला तोंड नव्हतं. त्यांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. नारायण कार्तिकेयन सतरावा आला आणि आम्ही तो सतरावा नंबर पेढे आणून साजरा केला.

पप्पा ग्राइंडिंगवर आहेत. आयटीआय टर्नर, बार्शीकडून आलेले, आणि गेली एकोणतीस वर्षं एकाच शॉपमध्ये कॅमशाफ्टची जर्नल्स घासतात. मी चाकणच्या बाजूला एका कंपनीत बॅटरीवरच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. बॅटरीतून किती करंट काढायचा, ब्रेक दाबल्यावर किती परत भरायचा, कधी थांबायचं, असली कामं. माझ्या गाडीत कॅमशाफ्ट नसतो. ही गोष्ट आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

२०२६ चे नवे नियम आले तेव्हा मात्र ती बोलावी लागली.

ज्यांनी ते वाचले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. गाड्या लहान आणि हलक्या होणार: किमान वजन ८०० वरून ७६८ किलो, रुंदी दोन मीटरवरून १.९ मीटर. डीआरएस गेलं. आता पुढचा आणि मागचा, दोन्ही विंग सरळ रस्त्यावर आपला कोन बदलणार. इंधन शाश्वत स्रोतातलं. पण खरी गोष्ट इंजिनात आहे. १.६ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन राहिलं, पण त्याची ताकद साधारण ५५० किलोवॅटवरून ४०० वर आली. टर्बोच्या गरम वायूतून वीज काढणारी एमजीयू-एच गेली. आणि इलेक्ट्रिक मोटर १२० किलोवॅटवरून थेट ३५०. म्हणजे जवळजवळ निम्मी ताकद पेट्रोलची, निम्मी विजेची.

आता यातली मेख बघा. बॅटरीत एका वेळी वापरता येणारी ऊर्जा साधारण चार मेगाज्यूल. मोटर पूर्ण जोरात चालवली तर ती अकरा-साडेअकरा सेकंदांत संपते. लॅप दीड मिनिटाचा. मग उरलेल्या वेळात ब्रेकिंगमधून परत भरत राहायचं आणि कुठल्या सरळ रस्त्यावर किती खर्च करायची ते आधीच ठरवून ठेवायचं. हे माझं काम आहे! म्हणजे माझं नाही, पण माझ्यासारख्या कोणाचं तरी. मी हे पप्पांना जरा जास्तच उत्साहात सांगितलं. ‘आता रेस कोडमध्ये जिंकतात,’ असलं काहीतरी बोललो. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

याआधीही असं झालं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला फॉर्म्युला ई झाली तेव्हा. महिंद्राची टीम त्या स्पर्धेत २०१४ च्या पहिल्या सीझनपासून आहे, आणि त्याच कंपनीच्या इलेक्ट्रिक एसयूव्ही आता आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये बनतात, त्यामुळे ती जरा घरचीच टीम. मी सांगितलं की या जेन-थ्री गाडीच्या मागच्या चाकांना हायड्रॉलिक ब्रेकच दिलेले नाहीत, मोटरच उलटी चालून गाडी थांबवते. पप्पा म्हणाले, ‘आणि प्रोग्राम अडकला तर?’ मी रिडंडन्सी वगैरे समजावलं. त्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे अडकतो.’ याच वर्षाअखेरीस सुरू होणाऱ्या सीझनमध्ये जेन-फोर गाडी येतेय, ६०० किलोवॅटची, चारही चाकांना मोटरची ताकद. ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

तर डिसेंबरात एक बातमी आली. नव्या नियमांत कॉम्प्रेशन रेशो १८ वरून १६ वर आणलाय. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते ती पिस्टन वर आल्यावर किती पट आवळली जाते, तो हा आकडा. तो जास्त तर त्याच इंधनातून ताकद जास्त. तेव्हा नियमात लिहिलं होतं की हे माप इंजिन बाहेरच्या तापमानाला असताना घ्यायचं. आणि चर्चा अशी की कोणीतरी असं इंजिन बनवलंय जे थंड असताना १६ भरतं, पण तापल्यावर धातू प्रसरण पावून १८ च्या जवळ जातं.

मी हे जेवताना सहज सांगितलं. पप्पांचा घास हातातच राहिला.

‘परत सांग. थंड मोजतात?’

‘हो.’

‘आणि चालवतात गरम.’

ते हसायला लागले. मी त्यांना असं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. आई आतून बघायला आली.

मग त्यांनी मला वीस डिग्रीचं सांगितलं. मोजमापाचं आंतरराष्ट्रीय ठरलेलं तापमान २० अंश सेल्सिअस. ड्रॉइंगवर ५० मिलिमीटर लिहिलं असेल तर ते २० अंशाला ५०. त्यांच्या शॉपमध्ये एसी एकाच खोलीला आहे, गेज रूमला. (माणसांना पंखे.) स्टीलचा ५० मिलिमीटरचा जॉब ४० अंशाला मोजला तर तो अकरा-बारा मायक्रॉन मोठा दिसतो, आणि त्यांना मोकळीक असते सात-आठ मायक्रॉनची. नवीन पोरगं येतं, मशिनवरून उतरलेला जॉब गरम असतानाच मायक्रोमीटर लावतं, मोठा दिसतो म्हणून अजून घासतं, आणि दुपारी गार झाल्यावर आख्खा ट्रे रिजेक्शनला. ‘मी पण घालवलेत,’ पप्पा म्हणाले. ‘पहिल्या वर्षी. चौदा जॉब. पगारातून कापले होते.’ हे मला एकोणतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. अर्थात मी विचारलंही नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी लाईट बिलाच्या मागे हिशोब मांडला. बोअर नियमानं ८० मिलिमीटर. सहा सिलिंडरमध्ये १६०० सीसी, म्हणजे एकात २६७. रेशो १६ हवा तर पिस्टन वर असताना १७.८ सीसी जागा उरायला हवी. १८ ला १५.७. फरक दोन सीसीच्या आसपास, अर्धा चमचाही नाही. ८० च्या बोअरवर पसरला तर पिस्टन ०.४ मिलिमीटर वर यायला हवा.

‘चारशे मायक्रॉन,’ ते म्हणाले आणि पेन ठेवलं. ‘खूप आहे.’

कनेक्टिंग रॉड दीडशे मिलिमीटरचा धरला आणि शंभर अंश तापला तरी १७० मायक्रॉनच वाढेल, आणि ब्लॉकही तापून वाढतो, तो उलट्या बाजूनं खेचणार. म्हणजे नुसत्या रॉडच्या प्रसरणानं हे होत नाही, अजून काहीतरी केलंय. काय केलं असेल यावर ते रात्री साडेअकरापर्यंत बोलत होते. वेगळा धातू? डोक्यात कुठे एखादी बारीक पोकळी? मला त्यातलं निम्मं कळलं नाही. मी मेकॅनिकलच्या मित्राला मेसेज केला तर त्यानं थम्ब्स-अप पाठवला.

मला वाटत होतं नियम बदलले आणि खेळ माझ्या बाजूला आला. पण नव्या नियमांतली सगळ्यात गाजलेली पळवाट निघाली ती धातूत, जॉब गरम की गार या प्रश्नात. मी खूश झालो, खरंच. पप्पांच्या वतीनं.

त्यांनी मात्र दुसरंच विचारलं. रेनॉचं इंजिन दिसणार नाही का यंदा? मी सांगितलं, नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२६ पासून फॉर्म्युला वनची इंजिनं बनवणार नाही. त्यांच्या अल्पिन टीमला मर्सिडीजचं इंजिन. पॅरिसजवळच्या व्हिरी-शातियाँच्या कारखान्यातले लोक त्याआधी मोन्झाच्या स्टँडमध्ये जाऊन निषेध करून आले होते.

‘मग त्यातल्या ग्राइंडिंगवाल्यांचं काय झालं?’

मी फोनवर शोधायला लागलो. दुसऱ्या कामांवर घेणार, असं कंपनीनं सांगितल्याचं सापडलं. ग्राइंडिंगवाल्यांबद्दल वेगळं काही नव्हतं. पप्पांनी लाईट बिल घडी घालून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एफआयएच्या नियमांतली इंजिनाची पानं प्रिंट करून घेतली. ऑफिसच्या प्रिंटरवर काढली, कोणाला सांगू नका. इंग्रजी आहे, पण आकडे आणि टॉलरन्स त्यांना माझ्यापेक्षा लवकर सापडतात. ते कागद आता त्यांच्या डब्याच्या पिशवीत असतात. शॉपमध्ये चहाच्या वेळी त्यावर चर्चा चालते म्हणे, आणि एका हेल्परनं कोणाचं इंजिन जिंकणार यावर वडापावची पैज लावलीय.

मेलबर्नची पहिली रेस ८ मार्चला आहे, आपल्याकडे सकाळी. एरवी ही रेस पप्पांची कायम हुकायची, फर्स्ट शिफ्टमुळे. मी विचारलं, यंदा पोट बिघडवायचं का? ते म्हणाले, गरज नाही. जानेवारीपासून शॉप रविवारीही बंद असतं. ऑर्डर कमी आहेत.