माघार कशातून?

आठवीत शिकणारी माझी मुलगी एका रात्री इंग्रजीची वही घेऊन समोर बसली.

"अब्बा, बॅक डाऊन म्हणजे काय?"

"माघार घेणे."

"आणि बॅक आऊट?"

"तेही माघार घेणेच."

"बॅक ऑफ?"

मी गप्प. तिन्ही शब्दांपुढे एकच अर्थ लिहून ती हसली, "मग तीन शब्द कशाला?"

शेवटी शब्दकोश काढला. बॅक ऑफ म्हणजे मागे सरणे किंवा कुणाच्या मागे लावलेला तगादा थांबवणे. कुत्रा गुरगुरला की आपण चार पावलं मागे येतो, तसं. बॅक डाऊन म्हणजे समोरून विरोध झाल्यावर आपली मागणी, आपलं म्हणणं सोडणे, नमतं घेणे. हा शब्द नकारासोबत फार येतो. 'ही रिफ्यूज्ड टू बॅक डाऊन', म्हणजे तो हटला नाही. बॅक आऊट वेगळं. कबूल केलेल्या गोष्टीतून अंग काढून घेणे, शब्द फिरवणे. कशातून अंग काढलं ते सांगायचं असेल तर पुढे 'ऑफ' येतो: 'ही बॅक्ड आऊट ऑफ द अ‍ॅग्रीमेंट'.

"आता मी वाक्य करते," ती म्हणाली. "विहिरीच्या भांडणात माझ्या अब्बांनी बॅक डाऊन केलं नाही. बरोबर?"

व्याकरणाने बरोबर होतं. पण माझ्या घशात काहीतरी अडकलं.

विहीर आम्हा दोघा भावांची. मरहूम वालिदांच्या समोर आम्ही कबूल केलं होतं, चार दिवस पाणी भाईजानचं, चार दिवस माझं. गेल्या उन्हाळ्यात माझा ऊस वाळू लागला आणि मी पाचव्या दिवशीही मोटार चालू ठेवली. भाईजान चार लोकांत बोलले. मला ते लागलं. "एक पाऊल मागे घेणार नाही," म्हणालो. तेव्हापासून बोलणं बंद. ईदगाहवर सगळ्यांना गळे मिळालो, भाईजानला सोडून.

वर्षभर मी स्वतःला ताठ कण्याचा समजत होतो. त्या रात्री वहीत दोन शब्द शेजारी शेजारी दिसले तेव्हा कळलं, बॅक डाऊन करायचं नाही या हट्टापायी मी कधीच बॅक आऊट करून बसलो होतो. वालिदांना दिलेला शब्द मीच मोडला होता.

फजरनंतर विहिरीवर गेलो. भाईजान पाइप जोडत होते. सलाम केला आणि म्हणालो, "भाईजान, चूक माझी. यापुढे चारच दिवस. शिवाय माझ्या पाळीतले दोन दिवस तुम्ही घ्या."

ते पाइपकडेच बघत राहिले. मग सलामाला जवाब देऊन म्हणाले, "चहा झाला का तुझा?"

घरी येऊन मुलीला वाक्य बदलायला सांगितलं. "अब्बांनी बॅक डाऊन केलं, असं लिही."

"बाईंनी विचारलं, का केलं, तर?"

"सांग, दिलेला शब्द पाळायचा होता म्हणून."